दक्षिण वाटी

३ जानेवारी

मोठं काम हाती आलं की त्याचं टिपण ठेवावं, असं माझं मत आहे. उद्या कुणी विचारलं, "हे कसं केलंत?" तर तोंडाला येईल ते सांगायची वेळ येऊ नये.

काम असं. ग्रंथालयाला नवीन वाचनदालन झालंय आणि तिथे मधोमध पृथ्वीचा गोल हवा आहे, कवेत जेमतेम मावेल एवढा. ग्रंथपाल बाई स्वतः दुकानात आल्या होत्या. म्हणाल्या, "गोल ध्रुवांवर फिरायला नको. आपलं गाव वर पाहिजे. गावातून पितळी गज आत शिरला पाहिजे आणि पृथ्वीच्या पोटातून बरोब्बर समोरच्या बाजूला बाहेर आला पाहिजे."

मी म्हटलं, "बाई, पृथ्वीला वरखाली काही नसतं."

"मुलांना असतं ना! त्यांना आधी स्वतःचं गाव शोधायचं असतं. चौथरा बुटका करू, म्हणजे वरून वाकलं की गाव."

मग मी त्यांना सांगितलं की या समोरच्या बिंदूला प्रतिपाद म्हणतात, म्हणजे ज्याचे तळपाय आपल्या तळपायांकडे आहेत तो. त्यांनी चकित होऊन विचारलं, "कुठे शिकलात हे सगळं?" म्हटलं, "कुठेच नाही." हे सांगताना मला बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. नकाशे, अक्षांश, रेखांश, खळ, कागद, सगळं मी आपलं आपण शिकलो. आजवर आमचा एकही गोल परत आलेला नाही.

"एकटेच करता?"

"मी करतो. दादा मदतीला असतो."

गेल्या महिन्यात एक फर्निचरवाला गोल घ्यायला आला होता, त्यालाही हेच सांगितलं होतं. तेव्हा दादा शेजारीच खळ ढवळत उभा होता, म्हणजे त्याच्या पाठीमागे काही बोललो असंही नाही.

दादाबद्दल इथे लिहून ठेवलं पाहिजे, कारण त्याचा कामाशी संबंध आहे. गोल दोन अर्ध्यांत होतो. आम्ही त्यांना वाट्या म्हणतो. उत्तर वाटी मी करतो, दक्षिण वाटी दादा. पहिल्यापासून तसंच. उत्तरेत जमीन जास्त, नावं जास्त, हात बारीक लागतो. दक्षिणेत पाणीच पाणी. तिथे चिकाटी असली की भागतं.

महिन्याभरापासून दादा माझ्याशी बोलत नाही. दुकानाच्या मधोमध त्यानं प्लायवूडची भिंत घातली आहे. कारण रेडिओ. मी बातम्या जरा मोठ्यानं लावतो. त्यावरून एवढं? पण दादाचा स्वभाव आधीपासून हळवा आहे.

६ जानेवारी

आज गजाच्या भोकाचा फर्मा कापला. फर्मा म्हणजे जाड कागदाचा त्रिकोणी तुकडा. वाटी पालथी ठेवायची, फर्म्याचं टोक ध्रुवावरच्या खिळ्यात अडकवायचं, कड काठावरच्या खुणेला लावायची आणि फर्म्यातल्या भोकातून पेन्सिलीनं टिंब द्यायचं. उत्तर वाटीवर ते टिंब म्हणजे आपलं गाव. दक्षिण वाटीला काठावरची समोरची खूण घ्यायची, बाकी सगळं तेच. एका फर्म्यात दोन्ही टोकं. इतका सुटसुटीत फर्मा मी आजवर केला नव्हता.

माझं टिंब देऊन झाल्यावर फर्मा बायकोकडे दिला, तिनं वहिनीकडे, वहिनीनं भिंतीपलीकडे. सध्या टपाल असं चालतं. बायको म्हणाली, "मला एक टोपी आणि सायकल द्या. पोस्टमन झालेच आहे."

थोड्या वेळानं वहिनी आली. दारातच उभी राहून म्हणाली, "भावजी, हे विचारतायत, फर्मा आहे तस्साच लावायचा का?"

मी म्हटलं, "म्हणजे? माझ्या फर्म्यात आता दुरुस्ती करायची का?"

"मला काय कळतंय त्यातलं! त्यांनी विचारलं, मी विचारलं."

"आहे तस्सा लावायचा म्हणावं. कणभर इकडे तिकडे नको."

ती गेली. भिंतीपलीकडून दादाचा आवाज ऐकू आला, "बरं." एवढंच. पण मोठ्यानं, मला ऐकू यावं म्हणून.

१२ जानेवारी

दादा चालला आहे. कायमचा. मला हे बायकोकडून कळावं!

ती वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "दादा आणि वहिनी मुलाकडे जातायत. तिकिटं काढली. तुमचा गोल झाला की निघायचं म्हणतायत."

"कधी ठरलं?"

"भिंत घातली त्या आठवड्यात."

"मला का सांगितलं नाही कुणी?"

"तुम्ही रेडिओ ऐकत होतात."

पुतण्या तिकडे जाऊन बरीच वर्षं झाली. लहानपणी मीच त्याला माझ्या बाकावर बसवून देश पाठ करून घेतले. आज त्याचं शहर दुकानातल्या गोलावर शोधलं. आपल्या गावाचा प्रतिपाद भर समुद्रात येतो, आणि त्याच्यापासून जमिनीचा जो सगळ्यात जवळचा तुकडा आहे, तिथे ते शहर आहे. अर्ध्या बोटाचं अंतर. पृथ्वीवर याहून लांब जायला जागाच नाही. दादानं मुद्दाम निवडली असती तरी याहून अचूक जागा सापडली नसती.

जाऊ दे. दक्षिण वाटी काय, मीही करू शकतो.

१७ जानेवारी

काम बघायला ग्रंथपाल बाई आल्या होत्या. माझी वाटी बघून खूश झाल्या. बोटानं गाव शोधलं आणि विचारलं, "इथून त्या समोरच्या टोकाला जायचं, तर जवळचा रस्ता कुठला? पूर्वेकडून की पश्चिमेकडून?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा, याची मी कित्येक वर्षं वाट बघत होतो. दोरा घेतला. दुकानातल्या तयार गोलावर एक टोक गावाला धरलं, दुसरं प्रतिपादाला, आणि दोरा पूर्वेकडून नेला, मग पश्चिमेकडून, मग ध्रुवावरून, मग आडवातिडवा. प्रत्येक वेळी तेवढाच.

"सगळे रस्ते सारखेच, बाई. फक्त या एकाच बिंदूच्या बाबतीत. बाकी कुठेही जायचं तर दिशा चुकू शकते. इथे चुकतच नाही."

बायको चहा घेऊन आली होती. कप ठेवत म्हणाली, "म्हणजे माणूस तिथे उभा असला, अगदी शेवटच्या टोकाला, तर त्यानं कुठेही पाऊल टाकलं तरी ते जवळच येणार."

"गणिताप्रमाणे, हो."

"मग लोक उभे का राहतात हो नुसते?"

बाई हसल्या. मला हा प्रश्न गोलाशी संबंधित वाटला नाही, त्यामुळे दोरा गुंडाळून ठेवला.

२४ जानेवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दोन्ही वाट्या तयार झाल्या. दादाची वाटी वहिनी आणि बायको दोघी मिळून भिंतीला वळसा घालून घेऊन आल्या. काम सुरेख होतं, ते मान्य केलं पाहिजे. निळा रंग कुठेही फुगलेला नाही, फाकींचे, म्हणजे नकाशाच्या कागदी पट्ट्यांचे, जोड दिसत नाहीत. वाट्या एकमेकींवर बसवल्या, बरोबर बसल्या. काठावरचे खिळे भोकांत खटकन गेले. गज वरून गावातून आत घातला. खाली गेला आणि अडला. ठोकून पाहिलं, तरी अडलेलाच. खाली वाकून बघितलं तर दादाचं भोक भलतीकडेच! जरासं चुकलं असतं तर घासून मोठं केलं असतं. हे एका महासागरातून उठून दुसऱ्या महासागरात गेलं होतं.

मी ओरडलो. भिंतीला उद्देशून ओरडलो, म्हणजे मोठ्यानंच. म्हटलं, "एवढं एक टिंब द्यायचं होतं! तेही नीट देता येऊ नये?"

मग वहिनी आली. डोळे खाली घालून म्हणाली, "ते म्हणतायत, आहे तस्सा लावला."

२५ जानेवारी

फर्मा परत मागवला आणि पुन्हा पुन्हा मोजला. अचूक आहे. माझ्या वाटीवर ठेवून पाहिला, भोक गावावर येतं. म्हणजे दादानं हे मुद्दाम केलं, असंच म्हणावं लागतं. जाता जाता माझं नाव घालवायचं. उद्घाटनाची पत्रिका छापून झाली आहे.

बायकोला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "दादा? मुद्दाम वाईट काम? तुम्ही हे खरंच बोललात का आत्ता?"

मी म्हटलं, "मग तूच सांग, दुसरं काय?"

"मला कागदातलं कळत नाही. दादातलं कळतं."

हे काही उत्तर झालं नाही.

२६ जानेवारी

दादा आणि वहिनी खरेदीला गेले होते, तेव्हा मी भिंतीपलीकडे गेलो. चोरून नाही. मोजायला गेलो. दक्षिण वाटी ज्या बाकावर होते, तो बाक तिरका आहे का, ते बघायचं होतं. बाक अगदी समपातळीत होता. हत्यारं ओळीनं. खळीचं भांडं घासून पालथं. माझा बाक असा नसतो.

भिंतीवर एका खिळ्याला माझे जुने फर्मे अडकवलेले होते. दिव्याच्या वायरीच्या भोकांचे, बोटींच्या मार्गांचे, पितळी खिळ्यांचे, काठांच्या जोडांचे. इतक्या वर्षांचे सगळे, एकही टाकलेला नाही. मी एकेक काढून बघितला. माझी रेघ, माझं अक्षर. पुढची बाजू कोरी करकरीत, जणू कालच कापला आहे. मागची बाजू मात्र खळीनं, रंगानं, बोटांच्या ठशांनी काळी झालेली. प्रत्येकाची. दादानं सगळे फर्मे उलटेच धरलेले दिसतात. त्याला सुलटं उलटं कळत नाही की काय, असं मनात आलं. हसूही आलं.

मग हसू थांबलं. सगळे गोल तर बरोबर जुळले होते.

घरी येऊन स्वयंपाकघरातल्या दोन वाट्या घेतल्या. शेजारी शेजारी पालथ्या घातल्या आणि दोन्हींच्या काठांवर खडूनं एकाच दिशेचा बाण काढला. मग एक उचलली, उलटी केली आणि दोघींची तोंडं जुळवली. बाण एकमेकांच्या विरुद्ध निघाले.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

बायको म्हणाली, "वाट्यांना खडू कशाला फासलात? जेवायच्या आहेत त्या."

मी म्हटलं, "वरच्या ध्रुवाकडून बघितलं की पूर्व एकीकडे, आणि खालच्या ध्रुवाकडून बघितलं की पूर्व बरोब्बर दुसरीकडे."

"मग?"

"मग दक्षिण वाटीला फर्मा पलटून लावावा लागतो."

"हे तुम्हाला आत्ता कळलं?"

मी वाट्या स्वतः धुऊन ठेवल्या.

२९ जानेवारी

तीन दिवस काम बंद आहे. गोल बाकावर तसाच, गज निम्मा आत.

दादाशी बोलायला हवं, एवढं ठरलं आहे. कुठून सुरुवात करायची, ते ठरत नाही. "फर्म्यात एक तांत्रिक मुद्दा राहिला" असं म्हणता येईल. किंवा "तू विचारलंस तेव्हा नीट का विचारलं नाहीस?" यातला दुसरा मुद्दा रास्त आहे. किंवा आधी रेडिओचा विषय काढावा. रेडिओ मी बंद ठेवायला तयार आहे. आजपासून बंदच ठेवला आहे, पण पलीकडून काही प्रतिसाद नाही. बहुतेक लक्षात आलं नसेल.

जेवताना बायकोनं विचारलं, "कसला विचार चाललाय?"

"कुठून सुरुवात करावी."

ती म्हणाली, "दोरा आणू का?"

३१ जानेवारी

गेलो. हातात फर्मा होता. काही न ठरवता गेलो, कारण ठरवलेलं सगळं भिंतीच्या कडेपर्यंत जाऊन परत येत होतं.

दादा सामान बांधत होता. कात्र्या फडक्यात गुंडाळत होता. मी फर्मा मळक्या बाजूनं, म्हणजे उलटा, त्याच्यापुढे धरला. हा नवा आहे, त्यामुळे मळलेला नव्हता, पण त्याला कळलं.

म्हणाला, "कळलं का?"

"कळलं."

"कशावरून?"

"वाट्यांवरून. आमटीच्या."

त्यानं कात्री खाली ठेवली. "बस, छोट्या." माझे केस पिकले तरी तो मला छोट्या म्हणतो. एरवी मी हरकत घेतो.

मी म्हटलं, "इतकी वर्षं पलटत होतास. सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं की. पहिल्याच गोलाला. तू तीन दिवस जेवला नाहीस. आई माझ्यावरच चिडली."

मला हे आठवत नाही. मी तसं म्हटलं.

"तुला कसं आठवेल? तू भुकेला होतास." तो म्हणाला, "मग मी म्हटलं, पलटायला असं लागतं किती? एक हात. तेवढ्यासाठी घरात कशाला वाद?"

"मग या वेळी का नाही पलटलास?"

"विचारलं होतं. तू म्हणालास, आहे तस्सा." मग तो म्हणाला, "मदतीला असलेल्या माणसानं सांगितलं तेवढंच करायचं असतं."

हे वाक्य त्यानं वेगळ्याच आवाजात म्हटलं. मी ते लिहून ठेवतो आहे. आणि मग मी रेडिओचं बोललो. म्हटलं, "दादा, रेडिओवरून एवढं मनाला लावून घ्यायला नको होतंस. मी बंद केलाय."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "रेडिओवरून?" आणि हसायला लागला. इतका हसला की खोकला लागला आणि वहिनी पाणी घेऊन धावत आली. तिला म्हणाला, "ऐकलंस? रेडिओवरून भिंत घातली म्हणे मी!" मग दोघं हसले. त्यात एवढं हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. पण पुष्कळ दिवसांनी त्याचा हसण्याचा आवाज ऐकला.

नंतर गोलाच्या वाट्या सुट्या केल्या. दादानं चुकीचं भोक बुजवायला घेतलं. नवीन टिंब मीच देतो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा दक्षिण वाटीला हात लावला. पालथी घातली, फर्मा खिळ्यात अडकवला, पलटला, आणि तरीही चुकीच्या खुणेला धरला. दादानं माझं मनगट पकडून दुसऱ्या खुणेकडे नेलं आणि म्हणाला, "हां. आता दे."

गज सरळ आरपार गेला. कुठेही घासला नाही.

८ फेब्रुवारी

आज वाचनदालन उघडलं. मुलांची झुंबड होती. बुटक्या चौथऱ्यावर गोल, वर गाव, आणि जो तो वाकून गावावर बोट ठेवतोय. एका मुलीनं तर चौथऱ्याशी आडवं होऊन खालून दुसरं टोक बघितलं आणि ओरडली, "इथे नुसतं पाणी आहे!" बुजवलेली जागा कुणालाही दिसली नाही. मला दिसते, पण मला माहीत आहे म्हणून.

एक गडबड झाली ती नोंदवतो. चौथऱ्यावर पितळी पट्टी लावली होती. तिच्यावर "निर्मिती" आणि पुढे माझं एकट्याचं नाव. ग्रंथपाल बाई भाषणात माझं कौतुक करायला लागल्या. मी मध्येच उठलो. म्हटलं, "बाई, पट्टी चुकली आहे. उत्तर वाटी माझी. दक्षिण वाटी पूर्ण यांची." आणि दादाकडे बोट केलं. तो शेवटच्या रांगेत बसला होता. "आणि या दक्षिण वाटीवरचं गजाचं टिंब माझं आहे, पण माझा हात यांनी धरला होता. म्हणजे पट्टीवर यांचं नाव आधी पाहिजे."

बाई म्हणाल्या, "बदलून घेऊ."

"आजच काढा. ग्रंथालयात चुकीची माहिती लागता कामा नये."

मी फक्त माहितीची दुरुस्ती केली. पण बायकोनं माझा हात घट्ट धरला, आणि दादा चष्मा काढून बराच वेळ पुसत बसला. धूळ फार होती तिथे. नवीन बांधकाम.

११ फेब्रुवारी

दादा आणि वहिनी सकाळी गेले. पुतण्याला दिलेला शब्द आहे, तिकिटं आहेत, आणि वहिनीला नातवंड बघायचं आहे. ते मला मान्य आहे.

निघताना दादा म्हणाला, "भिंत काढून टाक. प्लायवूड चांगलं आहे, फळ्या कर."

मी म्हटलं, "तिथे समोरचं टोक अगदी जवळ आहे. समुद्राच्या बाजूला बघितलंस की बरोबर त्या दिशेला."

"आणि तुझी दिशा कुठली?"

"कुठलीही," मी म्हटलं. "सगळ्या."

५ मार्च

एका शाळेसाठी गोल. छोटा आहे. आता दोन्ही वाट्या मीच करतो. फळ्या करून झाल्या, दुकान मोठं दिसतं. दादाच्या बाकावर उजेड जास्त येतो, हे मला माहीत नव्हतं.

उत्तर वाटी परवा झाली. आज दक्षिण घेतली. काठाच्या जोडाचा फर्मा लावला आणि पेन्सिल उचलली, तेवढ्यात फोन वाजला. दादा. तिकडे संध्याकाळ होती, मागे लहान मूल रडत होतं.

"काय चाललंय, छोट्या?"

"काम. दक्षिण वाटी."

"पलटलास का?"

मी म्हटलं, "दादा, हे काय विचारणं झालं?"

"नाही, आपलं विचारलं."

"तू तुझं नातवंड सांभाळ."

तो हसला. मग हवापाण्याचं थोडं बोललो आणि फोन ठेवला. पेन्सिल खाली ठेवली, फर्मा खिळ्यातून काढला, पलटला आणि पुन्हा लावला.